घुबड आणि चार नंबरचा पंखा

४ मार्च

आज एक घुबड माझ्या डोक्यावरून उडत गेलं आणि मला ऐकू आलं नाही. मला! पंख्याच्या कारखान्यात आवाज मोजायची नोकरी करतो मी. बंद दाराबाहेर उभा राहून सांगतो, आत बेअरिंग कुरकुरतंय की पातं थरथरतंय. आणि एवढा मोठा पक्षी पंख पसरून टाळूवरून गेला, तर माझे फक्त केस हलले.

झालं असं की दिवस मावळताना मी पॅकिंगच्या गोदामात एक स्टँड शोधत होतो. समोरच्या खोक्यांवर काहीतरी पांढरं येऊन बसलं. आलं कुठून म्हणून मागे पाहिलं, तर मागे झरोका. म्हणजे ते माझ्यावरूनच आलं होतं. मी आ वासून त्याच्याकडे बघतोय आणि ते माझ्याकडे.

"घाबरू नका इंजिनिअरसाहेब," मागून सुतार मिस्त्री म्हणाला, "ते इथलंच आहे. उंदीर खातं, म्हणून कोणी हाकलत नाही."

"घाबरतोय कोण? अरे, त्याचा आवाज कुठाय?"

"घुबड आहे ते. हेलिकॉप्टर आहे का आवाज करायला?"

मिस्त्रीला यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना. परवाच वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी आमचे पंखे परत पाठवलेत. निरोप असा, की फिरत्या पंख्याखाली पान उलटल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, तसा पंखा असेल तरच या. मालकांनी तो निरोप माझ्यापुढे आदळला आणि म्हणाले, "तुम्ही आवाजवाले ना? करा काहीतरी." आणि आज हे घुबड! आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, ते असं.

५ मार्च

सकाळी गोदामात रांगून रांगून एक पीस मिळवलं. भिंगाखाली धरलं आणि खुर्चीतच उडालो. पुढच्या कडेला बारीक दात्यांचा कंगवा. मागच्या कडेला विसकटलेली झालर, पदराचे धागे सुटावेत तशी. आणि वरून मखमल. बोट फिरवलं तर बोटालाही आवाज नाही. कबुतराचं पीस शेजारी ठेवून पाहिलं, त्याच्या कडा सुरीसारख्या सरळ. सरळ कडेवर वारा फाटतो आणि फाटताना ओरडतो. घुबडाने वाऱ्याला ओरडायची संधीच ठेवलेली नाही. वारा आधीच विंचरून घेतलाय!

घरी बायकोला दाखवलं. ती नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप बनवते, जाळीवर एकेक केस आकड्याने गाठवत बसते. तिने पीस उजेडात धरलं आणि म्हणाली, "झालर कसली, मिशा आहेत या."

मग सासरेबुवांच्या खोलीत गेलो. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. नाटक कंपनीत जन्मभर प्रॉम्प्टर होते, म्हणजे विंगेत उभं राहून नटांना विसरलेल्या ओळी हळूच सांगायच्या. आता त्यांचेच कान गेलेत आणि कानाला यंत्र आहे. उकडत होतं, म्हणून मी गेल्या गेल्या आधी त्यांचा पंखा पूर्ण वेगात लावला आणि मग उत्साहाने सांगायला लागलो, "आप्पा, आज काय सापडलं माहितीय का?" तर त्यांनी कानातलं यंत्र शांतपणे काढलं, डबीत ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

असं ते नेहमी करतात. बायको त्यांच्याशी अंगणात बोलते तेव्हा यंत्र कानात असतं. मी खोलीत गेलो की डबीत. यापेक्षा स्पष्ट माणसाने अजून काय सांगावं? नाटकवाल्यांना पंखेवाला जावई कमी वाटत असणार. वाटू दे.

९ मार्च

कॉलेजात पक्ष्यांचा विषय शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन आलो. पीस बघून त्या इतक्या खूश झाल्या की मला खुर्ची द्यायची विसरल्या. उभ्याउभ्याच तासभर शिकवलं. घुबडाचं अंग हलकं आणि पंख भलेमोठे, त्यामुळे त्याला घाई करावी लागत नाही. संथ उडतं. बाकी कंगवा, झालर, मखमल ही त्यावरची कारागिरी.

मी म्हटलं, "म्हणजे उंदराला चाहूल लागू नये म्हणून."

"ते अर्धं झालं," बाई म्हणाल्या. "अर्धं असं, की घुबड कानाने शिकार करतं. पाचोळ्याखाली उंदीर कुठे खसखसतोय ते त्याला उडता उडता ऐकायचं असतं. स्वतःचेच पंख कानाशी फडफडले तर ऐकणार काय? ते गप्प उडतं ते ऐकता यावं म्हणून."

गंमतच आहे. पण आपल्याला त्याचा उपयोग नाही, पंख्याला कुठे कान असतात? कंगवा आणि झालर महत्त्वाची. उद्यापासून कामाला लागतो. हात नुसते शिवशिवतायत!

१६ मार्च

मखमल मेली. बायकोच्या कपाटातून राजाच्या अंगरख्याचा तुकडा मागून आणला आणि पात्यावर डकवला. थोडा वेळ छान चाललं. मग डिंक सुटला आणि लाल मखमल भिरभिरत जाऊन मालकांच्या चहाच्या कपावर बसली. मालकांनी तो कप तसाच माझ्या टेबलावर आणून ठेवला.

कंगवाही फसला. मिस्त्रीने लाकडी पात्याला हौसेने एवढाले दाते कापले की पंखा सुरू करताच प्रेशर कुकरची शिट्टी झाली. "घुबडाला कुत्रा चावलाय," मिस्त्री म्हणाला. हसू आलं, पण घरी येताना मन खट्टू होतं. निसर्गाची नक्कल करायला निघालेला मी कोण मोठा लागून गेलो? घुबडाने यात लाखो वर्षं घातलीत आणि मला एप्रिलअखेरची मुदत आहे.

१७ मार्च

कालचं रडगाणं रद्द! दाते नखाएवढे बारीक हवेत आणि पात्याच्या टोकाकडेच हवेत. घुबडाचाही कंगवा सगळ्या पंखाला नाही, बाहेरच्या पिसालाच आहे. मी पीस नीट पाहिलं होतं, पण ते पंखात कुठे बसतं ते पाहिलंच नव्हतं. शिट्टी गेली. शिट्टी गेली!

२२ मार्च

झालरीसाठी बायकोला पटवलं. आधी म्हणाली, "पंख्याला मिशा लावणारी बाई म्हणून नाव होईल माझं." पण हातात पातं घेतल्यावर तीच रंगली. टोपाची जाळी, नकली केस, आकडा, आणि मागच्या कडेला दाट झालर. दोघं समोरासमोर बसून काम करत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका वस्तूवर दोघांचे हात एकाच वेळी असे कधी नव्हते.

काम करता करता ती खाली मान घालून म्हणाली, "आप्पा जायचं म्हणतायत. आत्याकडे. कायमचं."

"का?"

"म्हणतात, इथे फार दमायला होतं."

दमायला काय झालं? बसून तर असतात. त्यांच्या खोलीत कारखान्यातला सगळ्यात जोरकस पंखा लावलाय मी, चार नंबर. मालकांनी तो 'जरा बोलका आहे' म्हणून नापास केला होता, म्हणून घरी आणला. घरातले सगळे पंखे तसेच आलेत, स्वयंपाकघरात दोन नंबर, बाहेर एक आणि सात. इतका वारा गावात कोणाच्या घरी नसेल. तरी यांना आत्याकडचं बरं वाटतं! बायकोचे डोळे भरले होते, म्हणून मी तोंड आवरलं.

पण सांगायचं तर मलाही लागलं. वडील मी लहानपणीच गमावले. सासरेबुवा राहायला आले तेव्हा मी मनात मांडे खाल्ले होते, की संध्याकाळी गप्पा होतील, मी काय करतो ते घरात कोणीतरी विचारेल. असो.

३० मार्च

कंगवा बारीक, झालर दाट, आणि तरी आवाज पुरेसा कमी होईना. चार दिवस डोकं आपटलं. आज जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या पायरीवर बसलो होतो. ढगाळ हवेने फसून घुबड भरदुपारी बाहेर पडलं आणि अंगणावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. पंख हलवले ते जेमतेम. आणि पक्ष्यांच्या बाई डोक्यात बोलल्या, त्याला घाई नसते!

मी पळत आत गेलो. आम्ही सगळी कारागिरी आमच्याच घाईच्या पंख्यावर डकवत बसलो होतो. पाती छोटी आणि वेग भरमसाट. चोराला सोवळं नेसवावं तसं. आधी पाती लांब-रुंद करा, वेग उतरवा, मग कंगवा, मग झालर! वेग थोडा उतरवला की वाऱ्याचा आवाज धाडकन उतरतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. फक्त ग्राहकाला भिरभिरणारा पंखाच जोरकस वाटतो, म्हणून आम्ही कधी केलं नाही.

मिस्त्रीला ओढून आणला आणि मापं सांगितली. तो म्हणाला, "हा पंखा नव्हे साहेब, हे नावेचं वल्हं झालं." म्हटलं, कर बाबा, वल्हं तर वल्हं!

६ एप्रिल

आज कारखान्याला सुट्टी. दुपारी वीज गेली. उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून सासरेबुवांना पाणी द्यायला गेलो, तर चमत्कार. यंत्र कानात होतं आणि स्वतःहून म्हणाले, "बसा ना, जावईबापू. घुबडाचं काय करताय म्हणे तुम्ही?"

मी बसलो. सगळं सांगितलं. एक शब्द त्यांनी पुन्हा विचारला नाही, आणि प्रश्न किती नेमके! झालरीचे केस सगळे एका लांबीचे का, घुबडाचे तसे आहेत का? (नाहीत. उद्या बायकोला सांगतो.) मग ते त्यांच्या कामाबद्दल बोलले. मी म्हटलं, नट ओळ विसरलाय हे प्रॉम्प्टरला चेहरा बघून कळत असेल.

"छे! चेहऱ्यावर येईपर्यंत उशीर होतो. आधी श्वास अडतो. बोलायला हवा घेतो आणि ती आतच राहते. ते ऐकायचं आणि ओळ द्यायची. भरल्या थिएटरात फक्त त्यालाच ऐकू जाईल अशी."

"मग कळायचं नाही कोणाला?"

"कळलं तर प्रॉम्प्टर कसला?"

दोघं हसलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी म्हणणार होतो, कशाला जाताय आत्याकडे. तेवढ्यात वीज आली. चार नंबर गरगर सुरू झाला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि भिंतीकडे वळून आडवे झाले. माझं वाक्य अर्ध्यावर.

विजेबरोबर माणसाचं डोकंही जातं-येतं, हे नवीन कळलं. काय समजायचं या माणसाला?

११ एप्रिल

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

वल्ह्यांचा पंखा वाचनालयात टांगला. ग्रंथपाल बाई खाली बसल्या, चष्मा लावला, एक जाडजूड पुस्तक उघडलं. मी, मिस्त्री आणि मालक भिंतीला चिकटून उभे. पंखा फिरतोय, बाईंची बट हलतेय, आणि त्यांनी पान उलटलं. सर्र. तिघांनाही ऐकू आलं. बाईंनी आणखी एक उलटलं. मग त्या पुढचं पान वाचायलाच लागल्या आणि आम्ही आहोत हे विसरल्या. मालक कानात म्हणाले, "बोला काहीतरी." मी म्हटलं, "इथे बोलायला मनाई आहे." आयुष्यात पहिल्यांदा मालकांना मी गप्प केलं.

सगळे पंखे घेणार आहेत. नमुन्याचा पहिला पंखा मालकांनी मलाच ठेवायला दिला. मिस्त्री गोदामात जाऊन वरच्या झरोक्याला सलाम करून आला.

घरी पळत आलो. बायकोने मिठी मारली. मग सासरेबुवांच्या खोलीत, पंखा लावला, आणि म्हटलं, "आप्पा! पान ऐकू आलं!" हात डबीकडे. यंत्र आत. झाकण बंद. माझ्याकडे बघून हसले मात्र, ओठ मिटून, माणूस पाहुण्याकडे बघून हसतो तसे.

वीस तारखेला जातायत. जाऊ देत.

१३ एप्रिल

शहाण्या, दिव्याखाली अंधार!

सकाळी बायको यंत्राची डबी घेऊन आली. "हे बिघडलंय का बघशील? आप्पा म्हणतात, खोलीत यात गिरणी चालते. इतकं महागाचं यंत्र आणि त्यात गिरणी." मी कारखान्यात नेलं. आमच्या आवाज मोजायच्या बंद खोलीत तपासलं. एकदम उत्तम. टाचणी पडली तरी उचलून घेत होतं. मनात म्हटलं, बघा, यंत्र ठीक आहे, बहाणा आहे.

घरी येऊन तेच सिद्ध करायला त्यांच्या खोलीत गेलो. सासरेबुवा अंगणात होते. सवयीने पंखा लावला, यंत्र माझ्या कानात दाबून धरलं आणि बायकोला म्हटलं, "बोल काहीतरी."

तिचे ओठ हलले. मला ऐकू आला चार नंबर. तो नुसता वाजत नव्हता, डोक्यात शिरून दळत होता. त्यामागे भिंतीपलीकडचा सात, स्वयंपाकघरातला दोन, मोटारींची घरघर, पात्यांची खडखड. बायको बोलतेय, बोलतेय, आणि तिचा शब्द त्या दळणात कुठेच नाही. आपला कान नको ते गाळून टाकतो. माझा तर सरावलेला, निर्ढावलेला कान. यंत्राला ती अक्कल नसते, ते सगळंच मोठं करून आत ओततं.

यंत्र काढलं तेव्हा ती विचारत होती, "काय रे, पांढरा का पडलास?"

मी प्रत्येक वेळी खोलीत जायचो आणि आधी पंखा लावायचो. आदराने. आणि मग म्हणायचो, हा माणूस माझं ऐकत नाही.

पक्ष्यांच्या बाईंनी तर अर्धं उत्तर फुकट दिलं होतं. मी लिहिलंय वर, पंख्याला कुठे कान असतात! मूर्ख. पंख्याखाली बसलेल्याला असतात.

१९ एप्रिल

नमुन्याच्या पंख्याची मोटार मी गेले चार दिवस पुन्हा खोलून बसलो होतो. वाचनालयाला चालते ती गुणगुण यंत्राला चालणार नाही. आज सकाळी मिस्त्रीला घेऊन आलो. आधी चार नंबर उतरवला, मग एक, दोन, सात. सगळी नापास पलटण दाराबाहेर रचली. बायकोला आनंद की धक्का ते कळेना. "माझ्या घरात असा आवाज होता?" ती म्हणाली. म्हणजे आता नव्हता तेव्हा तिला ऐकू आला.

सासरेबुवा पलंगावर बसून होते. उद्यासाठी पिशवी भरून पायाशी ठेवलेली. मिस्त्री नमुन्याचा पंखा टांगून शिडी घेऊन गेला. मी म्हटलं, "यंत्र घाला आप्पा." त्यांनी घातलं. मी बटणाकडे गेलो तसा त्यांचा हात पुन्हा कानाकडे गेला. मी तो धरला. आम्ही दोघं कधी हाताला हात लावलेले मला आठवत नाही.

लांब पाती संथ फिरायला लागली. बायकोने गाठवलेली झालर, आखूड-लांब केसांची, त्यांनीच सुचवलेली. त्यांचे पांढरे केस हलले. ते वाट बघत राहिले. मग वर पाहिलं.

"चालू आहे?"

"चालू आहे."

त्यांनी डोकं एका बाजूला कलवलं. बाहेरच्या खोलीत बायकोने काहीतरी खाली ठेवलं.

"कात्री," ते म्हणाले. आणि एकदम हसले, दात दिसेपर्यंत.

मला खूप बोलायचं होतं. येताना मी सगळं जुळवलं होतं, चार नंबरचं, वडिलांचं, त्या वीज गेलेल्या दुपारचं. तोंड उघडलं, श्वास घेतला आणि तो आतच राहिला. मी, ज्याचं तोंड बंद नसतं म्हणून घरदार वैतागतं, तो मी पिशवीकडे बघत नुसता उभा.

पंख्याकडेच बघत, ओठ जेमतेम हलवत ते म्हणाले, "आप्पा, जाऊ नका."

मला काही समजेना. त्यांनी पुन्हा म्हटलं, त्याच सुरात, "ओळ दिलीय, जावईबापू. घ्या."

"आप्पा, जाऊ नका!" मी जवळजवळ ओरडलोच.

"हळू म्हणा," ते म्हणाले. "ऐकू येतंय."